दोन माणसं, एक ईमेल

"पावती चुकली आहे," एवढं सांगायला त्यांनी फोन केला होता. मी सवयीने विचारलं, नाव चुकलंय की रक्कम?

"नाव माझ्या मिस्टरांचं आलंय. ते जाऊन दोन वर्षं झाली."

आमच्या संस्थेचे देणगीदार सिव्हीसीआरएममध्ये आहेत. सामाजिक संस्थांना डोळ्यांसमोर ठेवून २००५ पासून घडत गेलेलं हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. आदल्या दिवशी मी त्यातल्या डुप्लिकेट नोंदी साफ करायला बसलो होतो. नियम साधा होता: ईमेल एकच, तर माणूसही एकच. सुरक्षित पद्धतीने विलीनीकरण केलं, म्हणजे दोन नोंदींची एक केली, की ज्या जोड्यांची नावं जुळत नाहीत त्या सॉफ्टवेअर बाजूला ठेवतं. अशा चाळीसेक उरल्या. चार-पाच उघडून पाहिल्या, सगळ्या स्पेलिंगच्या भानगडी. म्हटलं, उरलेल्याही तशाच असणार. सगळ्या निवडल्या आणि सक्तीचं विलीनीकरण करून टाकलं.

नवरा-बायको एकच ईमेल वापरतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या घरीही तेच आहे!

बाईंची नोंद कचरापेटीत सापडली. जीव भांड्यात पडला, पण नोंद परत काढली तर आतून रिकामी. विलीन करताना सगळ्या देणग्या नवऱ्याच्या खात्यावर गेल्या होत्या, आणि नोंद परत आली म्हणून त्या मागोमाग येत नाहीत. विलीनीकरणाच्या आधीच्या रात्रीचा बॅकअप तसाच चढवावा, तर त्यानंतर आलेल्या देणग्या पुसल्या जाणार.

मग बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर उघडला. विलीनीकरणात देणगीचा क्रमांक बदलत नाही, ती कोणाच्या नावावर आहे तेवढंच बदलतं. म्हणजे जुनं आणि नवं टेबल शेजारी ठेवून फरक काढता येतो. टेबलं आमच्याच सर्व्हरवर, रचना सगळ्यांना खुली, त्यामुळे परवानगी मागत बसावं लागलं नाही. संध्याकाळ मात्र झाली. चाळीसांपैकी सात जोड्या खरोखरच दोन-दोन माणसांच्या निघाल्या. त्यांच्यात पती-पत्नीचं नातं जोडलं आणि 'या डुप्लिकेट नाहीत' अशी नोंद केली.

या खटाटोपात त्या गृहस्थांच्या नोंदीखाली एक टिपण दिसलं. फोन घेणाऱ्या कोणीतरी लिहून ठेवलं होतं: 'हे वारले. पत्नीशी बोलावे.' मृत व्यक्तीसाठी वेगळी खूण असते, ती केलीच नव्हती. टिपण माणूस वाचतो, पावती पाठवणारी यंत्रणा नाही. आणि माणसानेही, म्हणजे मी, ते उघडलं नव्हतं.

संध्याकाळी बाईंना फोन करून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पावती माझ्या नावाने द्या. त्यांचं नाव मात्र काढून टाकू नका."

नोंद काढायची नव्हतीच. मी खूण केली, तशी खाली मृत्यूच्या तारखेची चौकट उघडली. फोन अजून चालू होता. मी तारीख विचारली नाही, चौकट रिकामी ठेवूनच सेव्ह केलं.