घारापुरी: जाताना डबा, येताना कचरा

जानेवारीतल्या एका बुधवारी आम्ही चौघं घारापुरीला जाऊन आलो. लेण्यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. महेशमूर्तीसमोर उभं राहिल्यावर माझी तेरा वर्षांची बडबडी भाचीसुद्धा गप्प झाली, एवढं सांगून मी पुढे जातो. मला लिहायचंय ते आमच्यासोबत फिरलेल्या एका पिशवीबद्दल.

गेटवेहून लाँचने तासभर लागतो. थंडीत कुरव पक्षी लाँचच्या मागे लागतात आणि वरच्या डेकवरची मंडळी त्यांना शेव-वेफर फेकायला लागतात. पक्षी शेव टिपतात, पण वाऱ्याने हातातलं पाकीट सुटलं की ते थेट समुद्रात. तासाभरात अशी तीन पाकिटं मी पाहिली. त्यातलं एक आमचंच होतं, हेही कबूल करतो.

उतरलो तेव्हा ओहोटी होती. धक्क्यावरून छोटी गाडी पायऱ्यांपर्यंत नेते, पण आम्ही मुद्दाम चाललो. बाजूच्या चिखलात तिवरांच्या मुळांना पिशव्या, चपला, थर्माकोलचे तुकडे गुंडाळलेले. "किती घाण करतात इथले लोक," असं मागून कोणीतरी म्हणालं. पण बेट मुंबईच्या खाडीत बसलंय. शहराचे नाले जे समुद्रात आणून टाकतात, त्यातलं बरंच भरतीबरोबर किनाऱ्याला लागतं आणि तिवरांत अडकून राहतं. चपलांची ती रास पर्यटकांनी काढून ठेवलेली नक्कीच नव्हती.

दुसरा कचरा मात्र आपलाच, आणि तो वर पायऱ्यांवर दिसतो. सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि माकडं. माकडाला कचरापेटी म्हणजे जेवणाचं ताट. झाकण नसलेली पेटी ते पाच मिनिटांत उलटी करतं. आमच्यापुढच्या एका काकांच्या हातातली आंब्याच्या पेयाची बाटली एकाने हिसकावली, झाकण दाताने काढून प्यायलं आणि बाटली दरीत सोडून दिली. काका हसले, आम्हीही हसलो. दरीत उतरून ती बाटली कोण आणणार, हे वर पोचल्यावर सुचलं.

काकडी-कैरी विकणाऱ्या एका मावशींशी बोलत बसलो. बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशा तीन वाड्या आहेत, वस्ती हजार-बाराशेची. मावशी म्हणाल्या, "बाटल्या भंगारात जातात, त्याचे पैसे येतात. पन वेफरची पाकिटं कोन घेनार?" खरंच आहे. त्या पाकिटात प्लास्टिक आणि चंदेरी मुलामा असे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून त्याला भाव नाही. बरं, भाव असो वा नसो, कचरा न्यायचा तर गोणीत भरायचा, पायऱ्या उतरवायचा, होडीत चढवायचा आणि पलीकडे पुन्हा उतरवायचा. शहाळ्यांचं ओझं त्याहून वाईट: वजन भारी, आणि पाऊस पडला की आत पाणी साचून डास. समुद्राखालून केबल टाकून २०१८ मध्ये बेटावर वीज आली. कचऱ्याला तशी केबल नाही. तो जिथे पडला तिथेच राहतो, किंवा पेटवला जातो आणि धूर लेण्यांकडे येतो.

तर जाणाऱ्यांसाठी. सोमवारी लेणी बंद असतात. रविवारी गर्दी फार, शक्यतो मधला वार धरा. पाण्याच्या बाटल्या घरूनच भरून घ्या, माणशी दीड लिटर तरी, कारण चढ आहे आणि ऊन लागतं. खाऊ पाकिटातून काढून स्टीलच्या डब्यात भरा. कुरकुर वाजणारी पिशवी माकडाला लांबून कळते, डबा सॅकच्या तळाशी असेल तर बहुधा सुटता. बाटलीही हातात धरू नका. जेवायचं असेल तर ताटात वाढणाऱ्या हॉटेलात बसा, गावातल्या माणसाला चार पैसेही मिळतात. शहाळं प्यायलात तर दुकानाशीच प्या आणि विकणाऱ्याच्या हातात परत द्या, पुढच्या वळणावर ठेवू नका. लहान मूल सोबत असेल तर डायपरसाठी झाकणाचा वेगळा डबा हवाच. याबाबतीत लाजू नका. कुरवांना काही टाकू नका. आणि लाँचवर लाइफ जॅकेट घाला. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर झालेला अपघात विसरण्यासारखा नाही.

चेनची एक कापडी पिशवी आम्ही कचऱ्यासाठी नेली होती. दिवसअखेर तिच्यात निघालं: चिक्कीचे चार कागद, संत्र्याची सालं, एक रिकामी औषधाची पट्टी, टिश्यूंचा गोळा आणि पायऱ्यांवरून भाचीने उचललेल्या सहा बाटल्या. बाटल्या मावशींच्या गोणीत टाकल्या. संध्याकाळी गेटवेला उतरलो तर तिथली पेटी ओसंडत होती, म्हणून उरलेली पिशवी लोकलने डोंबिवलीला आली. सालांचा वास डब्यात दरवळत होता, खिडकीशी बसलेल्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं. पुढच्या वेळी सालांसाठी डबा वेगळा नेणार आहे.