आर्मर म्हणजे शेवटी ब्लाऊजच

कॉस्प्लेचे, म्हणजे एखाद्या कॅरेक्टरचा वेश करून काढलेले फोटो टाकले की हमखास विचारतात, हे आर्मर (चिलखत) लोखंडाचं आहे का गं? अहो नाही, चपलेचं आहे! ईव्हीए फोम, ज्याचे चपलांचे सोल होतात तोच. मुंबईत कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा कॉलनीकडे चपला-बूट बनवणाऱ्यांचे कारखाने आहेत, तिथे मटेरियलच्या दुकानात शीट मागायची आणि बोटाने दाबून बघायची, दाबल्यावर खड्डा राहिला तर घेऊ नका. छातीसाठी १० मिमी, हातापायासाठी ५-६ आणि वरच्या नक्षीला २ मिमी पुरतो. योगा मॅट स्वस्त पडते म्हणून बरेच जण आणतात पण ती बहुतेक वेळा ईव्हीए नसतेच, हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) लावली की वाकडीतिकडी होते.

माझं सध्याचं कॅरेक्टर कुठल्या गेममधलं वगैरे नाही, माझं स्वतःचंच आहे, समुद्राच्या तळाशी पहारा देणारी बाई, अंगभर खवले, खांद्यावर शिंपले, डोक्याला शिंगांचा टोप. ड्रॉइंग काढायला काय लागतं, शिंगं कितीही मोठी काढता येतात. खरं काम सुरू होतं ते ही गोष्ट माणसाच्या अंगावर कशी बसणार इथून, आणि माझं ठाम मत आहे की ज्याला ब्लाऊज बेतता येतो त्याला आर्मर येतं. यूट्यूबवर सगळे हीट गन आणि रंग दाखवतात, मुंढ्याबद्दल (बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर) कोणी बोलत नाही! मुंढा चुकला की हात वर होत नाही, मग तलवार घेऊन करायचं काय?

पॅटर्न काढायची पद्धत सोपी आहे. जुना टीशर्ट घालायचा, त्यावर क्लिंग फिल्म गुंडाळायची, वरून मास्किंग टेप, मग पेनाने शिवणीच्या रेघा मारायच्या आणि कुणाला तरी मागून कापायला सांगायचं (मैत्रीण नीट निवडा, कात्री तिच्या हातात असते). तो साचा सपाट केला की लगेच कळतं टक्स, म्हणजे गोलाईसाठी घेतात त्या चिमट्या, कुठे हवेत. फोमलाही टक्सच घालायचे, फक्त शिवायच्या ऐवजी चिकटवायचे, आणि ब्लेड जरा तिरकं धरून कापलं की कडा जुळल्यावर गोलाई आपोआप येते. ब्लेड सतत बदला, बोथट ब्लेडने फोम कापत नाही, फाटतो.

चिकटवायला चांभारकामातलं सोल्यूशन. दोन्ही बाजूंना लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मगच जोडायचं, आणि एकदा जोडलं की सरकवता येत नाही हे लक्षात ठेवा. पावसाळ्यात हे काम जपून, सोल्यूशन उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं, मग जोड वरून छान दिसतो आणि कार्यक्रमाच्या दिवशी उकलतो. खिडक्या उघड्या, तोंडाला वाफ शोषणारी फिल्टरची काडतुसं लावलेला मास्क (साधा कापडी चालत नाही, वाफ त्यातून आरामात जाते), आणि ओल्या सोल्यूशनजवळ हीट गन अजिबात नाही, ते पेट घेतं.

खवले २ मिमीचे, एकेक कापायचे आणि खालून वर लावत यायचे, कौलं घालतात तसे. कंटाळा येतो, हात दुखतात, एखादी वेबसिरीज लावून द्यायची. लावायच्या आधी प्रत्येकावर हीट गन फिरवायची, फोमची छिद्रं मिटतात आणि पृष्ठभागाला हलकी चकाकी येते. मग पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे हात, त्यावर काळा रंग, आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी फक्त उंचवट्यांवर. खाचांत काळं राहू द्यायचं, सगळीकडे चांदी फासली की ते बर्थडेच्या मुकुटासारखं दिसतं.

आणि हे शिवणकाम आहे असं मी उगीच म्हणत नाही. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं वर्ल्डकॉन (विज्ञानकथांच्या चाहत्यांचं संमेलन) झालं तिथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन नावाचा चाहता भविष्यातला माणूस बनून गेला होता, त्याचं नाव सगळे घेतात. त्याचा पोशाख शिवला मर्टल डग्लसने, स्वतःचाही तिनेच शिवला आणि घालून गेली. तेव्हा ना फोम ना हीट गन.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे आतल्या पट्ट्या. खांद्याच्या शिंपल्यांचं वजन छातीच्या तुकड्यावर टाकू नका, आत वेगळा हार्नेस शिवा, रुंद इलॅस्टिकचा. बाजूला बकल, जिथे दिसणार नाही तिथे वेल्क्रो, हलक्या तुकड्यांना टिचबटणं. मग पूर्ण घालून खुर्चीत बसून बघायचं, जिना चढायचा, पाणी प्यायचं, आणि हो, बाथरूमला एकटीला जाता येतं का ते घरीच तपासायचं. आतून सुती अस्तर लावा, मुंबईच्या घामात फोम अंगाला चिकटतो, अस्तर काढून धुता येईल असं असलं तर उत्तमच.

ठेवायचं मात्र माळ्यावर बॅगांखाली नाही, वजनाने फोम दबतो आणि परत उभा राहत नाही. आमच्याकडे छातीचा तुकडा पाहुण्यांच्या खोलीत हँगरला असतो, शिंगं फ्रीजवर. पाठीला पंखही लावायचेत, पण त्यांची चौकट अजून ठरत नाहीये, पीव्हीसी पाइप की अ‍ॅल्युमिनियमची पट्टी? कोणी केले असतील तर सांगा, लोकलमधून नेता येतील असे घडीचे हवेत.