पट्टी उतरल्यावर

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा माग होते, टॉवेलचे. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको, मागाच्या आवाजात झोप छान लागते. जाग येते ती वीज गेल्यावर, माग थांबले की.

त्याच शेडच्या दारात बसून मी एल्टन जॉन, पियानो वाजवत गाणारा ब्रिटिश गायक, पहिल्यांदा ऐकला. मुंबईच्या मामानं एक कॅसेट भरून आणली होती. ए बाजूला त्याची १९८५-८६ची गाणी, बी बाजूला डिसेंबर १९८६ची सिडनीची मैफल. मी अकरावीत होतो. शब्द फारसे कळत नव्हते, पण ए बाजूचे ठोके मात्र लगेच ओळखीचे वाटले. ड्रमचा एकेक ठोका खोलीभर घुमायचा आणि विरायच्या आत कुणीतरी कात्रीनं कापावा तसा तुटायचा. आमच्या शेडमध्ये हेच चालायचं. फणीचा ठोका पत्र्यावर आदळून परतेपर्यंत पुढचा ठोका पडलेला असायचा.

त्या कापलेल्या घुमाऱ्याला ‘गेटेड रिव्हर्ब’ म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. लंडनच्या टाउनहाऊस स्टुडिओत फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होता. वादकाचं बोलणं ऐकण्यासाठी ठेवलेल्या माइकमधून ते ड्रम ध्वनिमुद्रक ह्यू पॅजमच्या कानावर विलक्षण दाबून आले, आणि त्यानं तोच आवाज पकडला. पुढं अख्खं दशक त्या ठोक्यानं व्यापलं. १९८३ला यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर आला आणि खऱ्या पियानोच्या जागी काचेसारखा लख्ख, थंड सूर ऐकू येऊ लागला. तालाला यंत्रं आली. ती चुकत नाहीत, आणि दमतही नाहीत.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती गोष्ट वेगळीच आहे. १९८५चा ‘आइस ऑन फायर’ आणि १९८६चा ‘लेदर जॅकेट्स’ हे दोन्ही अल्बम गस डजनचे. सत्तरच्या दशकात एल्टनचे गाजलेले अल्बम ज्यानं घडवले तोच हा निर्माता. शब्दही बहुतेक त्याच्या जुन्या गीतकाराचे, बर्नी टॉपिनचेच. तीच माणसं असूनही ते आता यंत्रांच्या गर्दीत बसून काम करत होते, आणि गाणारा गळा दुखावलेला होता. माझं स्पष्ट मत आहे की त्या झगमगाटानं दोन वर्षं तो गळा झाकून ठेवला. ए बाजूला मला आजारपण कधीच ऐकू आलं नाही.

बी बाजूला आलं. सिडनीत त्याच्यामागं मेलबर्न सिम्फनीचे अठ्ठ्याऐंशी वादक होते आणि आवाज पार बसलेला होता. ‘कँडल इन द विंड’ तो जवळजवळ एकट्या पियानोवर गातो. वरच्या स्वराकडं जाताना घोगरा होतो, एखाद्या ठिकाणी फाटेल असं वाटतं, तरी तो स्वर सोडत नाही, चालीला थोडा वळसा देऊन खालून गाठतो. तेवढ्यासाठी मी टेप रिवाइंड करकरून झिजवली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९८७मध्ये, त्याच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली. आधी कर्करोगाची भीती होती, पण गाठी साध्या निघाल्या. त्यानंतर जो आवाज आला तो खालचा, जाड, छातीतला. सत्तरच्या दशकातली ती पातळ, उंच तान परत आली नाही. ‘सॅक्रिफाइस’ ह्या नव्या आवाजातलं, आणि १९९०मध्ये तेच ब्रिटनमध्ये त्याचं एकट्याचं पहिलं क्रमांक एकचं गाणं ठरलं.

हे सगळं मला जवळचं वाटतं ते आण्णांमुळं. आमचे आण्णा भजनी मंडळात पांढरी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या उंच पट्टीत गायचे. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात कामगारांना हाका मारून गळा खरखरीत झाला. एका एकादशीला अभंगाचा वरचा षड्ज लागेचना. दोनदा प्रयत्न केला आणि टाळ खाली ठेवला. पेटीवाले काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त बोटं सरकवली, खालची पट्टी, काळी एक धरली आणि तोच अभंग पुन्हा सुरू केला. आण्णा गायले. मी मागं बसलो होतो. ऐन उमेदीत त्यांनी गायलेला तो अभंग मला आज आठवत नाही, त्या दिवशीचा आठवतो. ‘विठ्ठल’ म्हणताना ‘ठ्ठ’वर आवाज टेकत होता.

आता माग विकले, शेडमध्ये गाडी लावतो. आण्णा ऐंशी ओलांडून गेलेत. परवा दुपारी उन्हामुळं दोघंही घरातच होतो, तेव्हा मोबाइलवर मी त्यांना एल्टनचं एकच गाणं दोनदा ऐकवलं. आधी १९७३चं मूळ, मग म्हातारपणी मैफलीत गायलेलं. इंग्रजीचा एक शब्द त्यांना कळत नाही. डोळे मिटून, गुडघ्यावर बोटानं ताल धरून ऐकत होते. दुसरं सुरू होऊन दोन ओळी झाल्या असतील नसतील, डोळे न उघडताच म्हणाले, “पट्टी उतरवलीय की रे ह्यानं.”

मी हो म्हणालो.

“पेटीवर कोण आहे?”

“तोच. स्वतःच वाजवतो.”

“मग बरंय,” म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.