बेळगाव, शहापूर, हलशी, गोकाक: दोन दिवसांची नाणेफेरी

आमच्या नाणेसंग्राहक मंडळाची यंदाची फेरी फेब्रुवारीतल्या शनिवार-रविवारी झाली. नऊ जण, दोन गाड्या. शनिवारी बेळगावचा किल्ला आणि शहापूरची सराफ गल्ली, रविवारी हलशी आणि गोकाक. रविवारचा हा बेत चुकला. हलशी बेळगावच्या दक्षिणेला, गोकाक ईशान्येला. दोन्हींचं जाणं-येणं धरून दोनशे किलोमीटरच्या वर रस्ता होतो आणि दोन्हीकडे घाईच होते. मागून जाणाऱ्यांनी तीन दिवस काढावेत, नाहीतर गोकाक सरळ गाळावं.

दुसरं आधीच सांगून टाकलेलं बरं. टांकसाळीची इमारत, भट्टी, ऐरण असलं काही बघायला मिळेल या आशेने निघू नका. बघायचं ते गाव आणि त्या गावाचं नाणं, एकाच्या उजेडात दुसरं.

बेळगाव पट्ट्यात नाण्यांचा गुंता मोठा आहे. कोकण-गोव्याचे घाट, कोल्हापूरची वाट, धारवाडची वाट, सगळं इथे येऊन मिळतं. त्यामुळे एकाच घरातल्या एकाच गाडग्यातून शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं), टिपूचा हत्तीछाप पैसा, गोव्याचा तांगा (पोर्तुगीज अमलातलं नाणं) आणि व्हिक्टोरिया राणीचा रुपया असा ऐवज निघू शकतो. असा ऐवज फोडून निवडक चार नाणी उचलली की उरलेल्यांची साक्ष गेली. म्हणून मंडळाच्या मासिक बैठकीत एक नियम कडक आहे: चिठ्ठी नसलेलं नाणं टेबलावर येत नाही. चिठ्ठीवर कुठल्या गावात, कोणत्या तारखेला, कशातून मिळालं, सोबत काय होतं, वजन किती, व्यास किती एवढं हवं. देणाऱ्याचं नाव वेगळ्या वहीत, कारण पाकीट हातोहात फिरतं. बैठकीची बाकीची कामं साधी आहेत: आधी पारख, मग अदलाबदल, शेवटी दुबार नाण्यांचा छोटा लिलाव. पारख आधी ठेवण्याचं कारण उघड आहे. उलटं केलं की लिलावात घेतलेलं नाणं खोटं निघतं आणि पुढचा तास भांडणात जातो.

पिशवीत काय घ्यावं: 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा आणि त्याचं 100 ग्रॅमचं वजन, व्यास मोजायला प्लास्टिकचा व्हर्नियर (लोखंडी नको, कडेला ओरखडा पडतो), दहापटीचं भिंग, छोटी विजेरी, शिवणाचा दोरा, काचेचा लहान पेला, कागदी पाकिटं आणि शिसपेन्सिल. हातमोजे नेऊ नका. सुती मोज्यातून नाणं निसटतं आणि फरशीवर पडलं की कड गेलीच. हात धुऊन कोरडे करावेत, नाणं कडेने धरावं आणि खाली नेहमी मऊ कापड असू द्यावं. काटा वापरताना पंखा बंद करायला सांगा. पंख्याखाली दुसरा दशांश थांबत नाही, आणि पुढचं सगळं त्या दुसऱ्या दशांशावर आहे.

शनिवारी सकाळी किल्ला. आत लष्कराच्या ताब्यातला भाग आहे, फलक वाचूनच कॅमेरा काढावा. कमल बस्ती हे जैन मंदिर 1204 चं, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने बांधलेलं. रट्टांचं ठाणं आधी सौंदत्तीला होतं, मग ते वेणुग्रामला म्हणजे बेळगावला आलं. औरंगजेबाच्या काळात याच गावाला अझमनगर नाव पडलं. ते नाव लक्षात ठेवा, गोकाकला लागेल. किल्ल्याला दीड तास पुरे.

शहापूर आज बेळगावातच मिसळून गेलंय. संस्थानी काळात मात्र ते सांगलीकर पटवर्धनांचं, आणि लगतचं बेळगाव इंग्रजांचं. दोन अमलांच्या सांध्यावरची पेठ म्हटली की नाणी मोडणं आणि बदलताना बट्टा (कापून घेतलेली रक्कम) आलाच. सराफ गल्लीत अजूनही जुन्या चांदीच्या मोडीत (वितळवायला आलेल्या मालात) रुपये येतात. आमच्या दोन तासांत तीन दुकानांतून मिळून चाळीसेक नाणी बघायला मिळाली.

जायची वेळ महत्त्वाची. दुकान उघडल्या-उघडल्या जाऊ नका. भवानी व्हायच्या आधी नुसतं बघायला आलेलं गिऱ्हाईक कुणालाच आवडत नाही. साडेअकरा ते एक ही वेळ चांगली. लग्नसराई, दसरा-दिवाळी, अक्षय तृतीया टाळा. आठवड्याची सुट्टी फोन करून विचारा. नऊ जणांनी एकदम दुकानात शिरणं ही आमची चूक झाली. मालकाने ट्रे बाहेर काढलाच नाही. पुढच्या दुकानात दोघे गेले, तिथे ट्रेही आला आणि चहाही. "जुनी नाणी आहेत का?" असं विचारण्यापेक्षा "मोडीत आलेले राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे रुपये) आहेत का?" असं विचारा. खेड्यात कानडी घरी "हळे दुड्डू" म्हणा. दुड्डू म्हणजे आज सरसकट पैसा, पण एकेकाळी ते तांब्याच्या नाण्याचं नाव होतं आणि म्हाताऱ्या माणसांना त्याने बरोबर गाडगं आठवतं.

भाव ठरवण्याआधी चांदीचा हिशेब पाठ हवा. 1939 पर्यंतचा ब्रिटिश रुपया 11.66 ग्रॅमचा आणि 91.7 टक्के चांदीचा, म्हणजे शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. 1940 ते 1945 चा रुपया वजनाला तेवढाच, पण चांदी निम्मी, 5.83 ग्रॅम. त्या दिवशीच्या दराने गुणलं की मोडीचा भाव कळतो. सराफ त्याच्या खाली देत नाही, आणि साध्या सालाच्या झिजलेल्या रुपयाला तुम्ही फार वर जायचं कारण नाही. 1947 चा रुपया चांदीचा नाहीच, शुद्ध निकेलचा आहे. त्याला लोहचुंबक चिकटतो. अनेक जण तेवढ्यावरून त्याला खोटा ठरवतात, तो खरा असतो.

चुंबकावर उलट्या बाजूनेही भिस्त ठेवू नका. जर्मन सिल्व्हरची (चांदी नसलेला, तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू) नक्कल चुंबकाला चिकटत नाही. ती पकडायची वजनाने आणि पाण्याने. तेवढ्याच आकाराचा जर्मन सिल्व्हरचा तुकडा दहा ग्रॅमच्या आत राहतो. नक्कल करणाऱ्याने जाडी वाढवून वजन जुळवलं असेल तर पाण्याची परीक्षा करा. पेल्यात पाणी भरून पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. खऱ्या राणीछापाला काटा 1.13 च्या आसपास दाखवतो आणि भागाकार साधारण 10.3 येतो. जर्मन सिल्व्हरला 8.6 च्या जवळपास. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा हा यातला मोठा घोटाळा. तो काट्याचा आकडा वाढवतो, मग भागाकार खाली येतो आणि चांगलं नाणं बदनाम होतं. नाणं पाण्यात दोनदा हलवून घ्या. एका दुकानात हेच झालं. पहिला भागाकार 9.6, बुडबुडा झटकल्यावर 10.3.

1939 चा रुपया समोर आला तर आनंद करण्याआधी शेवटचा आकडा भिंगाखाली घ्या. तो दुर्मिळ आहे, म्हणून साल कोरून बदललेले तुकडे फिरतात. आकड्याभोवतीची जमीन (नाण्याचा मोकळा सपाट भाग) बाकी जमिनीपेक्षा खोल किंवा चकचकीत दिसली की सोडून द्या.

ट्रेमध्ये एकच शिवराई होती आणि दिवसातली सगळ्यात चांगली दहा मिनिटं तिने घेतली. एका अंगाला तीन ओळी, श्री, राजा, शिव. दुसऱ्या अंगाला छत्र, पति. भोवती ठिपक्यांचं कडं. ठिपके सगळीकडे दिसत नाहीत, कारण साचा मोठा आणि चकती लहान. ठोका बाजूला बसला की एका बाजूचं कडं येतं आणि दुसऱ्या बाजूचं अक्षर कापलं जातं. हा दोष नव्हे, हातठोक नाण्याची खूणच आहे. उलट पाचही अक्षरं मधोमध, कडं चोहोबाजूंनी पूर्ण आणि कड गुळगुळीत गोल असली की संशय घ्यावा. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या मऊ दिसतात, जमिनीवर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात आणि कडेला फिरवून बघितलं तर सांध्याची रेघ किंवा ती घासल्याच्या खुणा सापडतात. सुरुवातीच्या शिवराई नाण्यांचं वजन साधारण 11 ते 13 ग्रॅम, पुढे उतरत गेलं. दोन आडव्या रेघांची दुदांडी ही नंतरची. ही शिवराई 9.2 ग्रॅमची, रेघा नसलेली, आणि कुणीतरी चिंचेने घासून गुलाबी करून ठेवलेली. तांब्यावरचा दीडशे-दोनशे वर्षांचा गडद थर दोन मिनिटांत जातो आणि परत येत नाही. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, राख, काहीच नको. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा, बाभळीच्या काट्याने हलक्या हाताने काढा आणि टिपून कोरडं करा, पुसू नका.

रविवारी सहाला निघून खानापूर, नंदगड मार्गे हलशी. बेळगावहून साधारण 40 किलोमीटर. खानापूरपर्यंत बस-रेल्वे भरपूर, पुढे हलशीच्या गाड्या मोजक्या. स्वतःचं वाहन नसेल तर परतीची वेळ चालकाला विचारूनच उतरा. हलशी म्हणजे कदंब राजघराण्याची पलाशिका. आद्य कदंबांचे ताम्रपट इथेच सापडले. भूवराह-नरसिंहाचं देऊळ गोव्याच्या कदंबांपैकी पेर्माडी शिवचित्त याच्या काळातलं, 1169 चं. या राजाची सोन्याची नाणी आहेत: पुढे कदंबांचा सिंह, मागे नागरीत "श्री सप्तकोटीश्वर लब्धवरप्रसाद" अशा थाटाची बिरुदावली आणि राजाचं नाव. सप्तकोटीश्वर गोव्यात नार्व्याला, ज्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला. म्हणजे घाटावर देऊळ, घाटाखाली कुलदैवत आणि दोन्हींना जोडणारं नाव बोटाच्या पेराएवढ्या सोन्यावर. नाण्याचा मोठा छापील फोटो सोबत न्या आणि तो सिंह देवळाच्या आवारात बसून बघा. संग्रहालयातल्या काचेमागे हे एवढं भिडत नाही.

या नाण्यांच्या नकला इतक्या आहेत की खेड्यात कुणी रुमालातून काढून दाखवलं तर हातही लावू नका. "शेतात सापडलं" असं सांगितलं तर दुप्पट सावध राहा. जमिनीत सापडलेला ठेवा सरकारला कळवावा लागतो. देशाचा त्यासाठी 1878 चा कायदा आहे, कर्नाटकाचा वेगळा 1962 चा. शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते देशाबाहेर नेता येत नाही आणि त्याचा धंदा करायला परवाना लागतो. स्मारकाच्या आवारातून खापराचा तुकडाही उचलू नये, मेटल डिटेक्टर तर गाडीतही नको.

परतीला खानापुरात एका घरी गोव्याची नाणी बघायला मिळाली: दोन तांगे आणि 1881 चा पोर्तुगालच्या डोम लुईश राजाचा रुपिया. सोळा तांग्यांचा एक रुपिया. हा रुपिया वजनाला ब्रिटिश रुपयाएवढाच, 11.66 ग्रॅम. त्यामुळे मोडीच्या ढिगात तो राणीछापात मिसळतो आणि चांदीच्या भावात वितळतो. डोक्यावर मुकुट नसलेला पुरुष आणि मागे "उमा रुपिया" (पोर्तुगीजमध्ये एक रुपिया) दिसलं की ढिगातून बाजूला काढा.

त्या घरातल्या तांब्याच्या नाण्यांची अवस्था मात्र वाईट होती. खानापूरचा पावसाळा म्हणजे चार महिने भिंती ओल्या, आणि नाणी मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये. त्या प्लास्टिकमुळे नाण्यांवर हिरवा चिकट थर धरला होता. तो शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून निघतो. नखांचं पॉलिश काढायचं पाणी चालत नाही, त्यात तेल आणि वास मिसळलेले असतात. दोन नाण्यांवर फिकट हिरवी, झटकली की पडणारी भुकटी होती. हा वेगळा रोग आहे, क्षारामुळे होतो आणि ओलीत पसरत जातो. अशी नाणी आधी वेगळी काढावीत. मग डिस्टिल्ड पाण्यात आठवडेच्या आठवडे, रोज पाणी बदलत. त्यानंतर पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुडीबरोबर घट्ट डब्यात. गडद, टणक, गुळगुळीत हिरवा थर हा रोग नाही, त्याला हात लावू नका.

गोकाकला पोचायला साडेतीन झाले. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, गोकाक रोड स्टेशन गावापासून लांब आहे. धबधबा फेब्रुवारीत बारीक असतो, तो बघायचा तर पावसाळ्यात. नाणी बघायची तर मात्र पावसाळा नको, त्यामुळे दोन्ही एकदम जमत नाही. इथलं नाणं म्हणजे मराठ्यांच्या अमलातला फारसी अक्षरांचा रुपया, बादशहा मुहम्मदशहाच्या नावाने पाडलेला, टांकसाळीचं नाव "अझमनगर गोकाक". चकतीवर हे नाव पूर्ण उतरलेलं क्वचितच असतं. नुसतं "अझमनगर" वाचून गोकाक ठरवू नका, कारण "अझमनगर बंकापूर" अशीही नाणी आहेत. "गोकाक"मधला निदान एक काफ (फारसी "क") स्पष्ट दिसायला हवा. झिजलेली फारसी वाचायची तर दिवा वरून नको. खोलीत अंधार करून विजेरी नाण्याच्या पातळीत आडवी धरा आणि नाणं सावकाश फिरवा. समोरून सपाट वाटणारी रेघ कुठल्यातरी कोनात सावली टाकतेच. मोबाइलने प्रत्येक वळणावर एक असे आठ फोटो काढले की बैठकीत सगळ्यांना वाचता येतं.

आम्ही नेलेल्या गोकाक रुपयावर काफ अर्धा आहे. चिठ्ठीवर "गोकाक?" असंच ठेवलंय. गावातून करदंट (इथली मिठाई) घ्यायला वेळ उरला, फारसी वाचायला उजेड उरला नाही.