मार्क ट्वेनच्या जंगलात टर्कीमागे: पहिला हंगाम

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात टर्कीच्या, म्हणजे कोंबडीच्या कुळातल्या मोठ्या रानपक्ष्याच्या, शिकारीचा वसंत हंगाम नुकताच संपला. काय जमलं आणि काय अजून जमत नाही, ते डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवतो. ओळखीत कुणाचं शेत नाही, पैसे मोजून खासगी रान घ्यायची तयारी नाही, अशांना ही नोंद जास्त उपयोगी पडेल. माझा सगळा हंगाम मार्क ट्वेन नॅशनल फॉरेस्टमध्ये गेला, सेंट लुईसच्या दक्षिणेला, पोटोसीच्या बाजूला. दक्षिण मिसूरीत तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं हे जंगल साधारण १५ लाख एकरांचं आहे. ओक, हिकरी, मधेच पाइन, आणि सोंडा-घळींचा अखंड गुंता.

आधी कागदपत्रं. १ जानेवारी १९६७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. मोठ्या माणसांना तो अभ्यासक्रम पूर्ण ऑनलाइन करता येतो. त्यानंतर टर्कीचा परवाना. आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न व्हिसाचा असतो, तर एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे, पण वैध शिकार परवाना हातात असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणजे आधी परवाना, मग बंदूक. हा क्रम उलटा करू नका.

घरच्यांना हे पटवणं परवान्याहून अवघड गेलं. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांच्या सावलीत वाढलेल्या आपल्या पिढीला शिकार म्हटलं की कोर्टकचेरीच आठवते. आईने फोनवर विचारलं, "पकडून नेतील ना रे तुला?" तिला इथला इतिहास सांगितला. १९५० च्या सुमारास मिसूरीत टर्की उरल्या होत्या जेमतेम काही हजार. पिंजऱ्यात वाढवलेली पाखरं सोडून पाहिली, ती रानात टिकली नाहीत. मग पेक रँचसारख्या ठिकाणी तोफेने उडवायच्या जाळ्यात खऱ्या रानटी टर्की धरून इतर जिल्ह्यांत सोडल्या, आणि १९६० मध्ये पुन्हा पहिला हंगाम उघडला. अशा कामांचा पैसा शिकाऱ्यांच्या परवान्यांतून येतो, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेल्या बंदुका-काडतुसांवरच्या करातून. आई "बरं" म्हणाली. पटलं असं मात्र म्हणाली नाही.

हिवाळा: आवाज

टर्कीची वसंतातली शिकार म्हणजे मादीचा आवाज काढून नराला बोलवायचं. फोनवरून किंवा स्पीकरवरून आवाज वाजवायला बंदी, दाणे टाकायलाही बंदी. जे काय करायचं ते हाताने किंवा तोंडाने.

बॉक्स कॉल सगळ्यात सोपा: लाकडी डबी, वर खडू फासलेलं झाकण, ते कडेवर घासायचं. पहिल्याच संध्याकाळी ओळखीची 'यॉक-यॉक' निघाली. स्लेट कॉलला दगडी चकती आणि काडी असते. चकती मधूनमधून सँडपेपरने खरवडली नाही तर काडी नुसती घसरते. हळू आवाजांसाठी याला तोड नाही. तिसरा प्रकार डायफ्रामचा, टाळूला चिकटवून फुंकायची रबराची पातळ चकती. दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून जुने शिकारी त्याच्यावर जीव टाकतात. माझ्या तोंडातून अजूनही कुकरची शिट्टी अडकल्यासारखा आवाज येतो. बायकोने तो घरात वाजवायला मनाई केली आहे, त्यामुळे सराव गाडीत, ऑफिसला जाताना. सिग्नलला शेजारची गाडी थांबली की गप्प.

ऑफिसमधला एक मुरलेला शिकारी मला हे सगळं शिकवतो. माझा बॉक्स कॉल ऐकून तो म्हणाला, आवाज चांगला आहे, पण सरकारी जंगलातल्या नराने एप्रिलअखेर याहून चांगले आवाज ऐकलेले असतात. या वाक्याचा अर्थ हंगामात कळला.

मार्च: रान बघणं

नकाशाच्या ॲपवर सरकारी हद्दी दिसतात, पण टर्की कुठे आहे ते पायांनीच कळतं. पानगळीवर कोंबड्यांनी उकरल्यासारखे पट्टे. नराची विष्ठा इंग्रजी 'जे'सारखी वाकडी, मादीची गोळा. धुळीच्या रस्त्यावर तीन बोटांचे ठसे. ओढ्याच्या वरच्या अंगाला मोठ्या झाडांखाली विष्ठा आणि पिसं एकत्र दिसली की वर रातथारा, म्हणजे टर्कींची रात्री झोपायची जागा, आहे असं समजायचं.

सह्याद्रीत भटकलेल्यांना एक गोष्ट आयती येते, ती म्हणजे समोच्च रेषा वाचणं. सोंड कुठे उतरते, खिंड कुठे आहे, दोन घळी कुठे मिळतात हे नकाशावर बोट ठेवून सांगता येतं, आणि टर्कीही बहुतेक त्याच वाटा वापरते. चढउतार टाळायचा तिचा आळस आपल्याइतकाच आहे.

वन खात्याने यंदा मुद्दाम जाळलेला एक पट्टा सापडला. काळ्या जमिनीतून कोवळं हिरवं फुटलेलं, खाली झुडपं नाहीत, लांबपर्यंत दिसतं. असा पट्टा टर्कीला फार आवडतो. तो बंद गेटच्या पलीकडे बराच आत होता, हे माझ्या पथ्यावर पडलं. गेटपाशी गाडी लावून बहुतेक जण रस्त्याला धरूनच फिरतात. चढ चढून आत जाणारे थोडे.

गोचिडींबद्दल एक परिच्छेद हवाच. ओझार्क्समधल्या, म्हणजे दक्षिण मिसूरीच्या या डोंगराळ भागातल्या, लोन स्टार गोचिडीच्या चाव्याने काहींना अल्फा-गॅलची ॲलर्जी होते, म्हणजे मटण-बीफ खाल्लं की अंगावर पित्त उठतं, कधी थेट दवाखाना. मटण सोडायची कल्पनाच सहन होत नसल्याने मी कपडे, बूट, बसायची गादी सगळं पर्मेथ्रिनने फवारून वाळवलं. ते कपड्यांवर मारायचं औषध आहे, अंगाला लावायचं नाही.

एप्रिलची सुरुवात: बंदूक

बारा बोअरची पंप बंदूक, नळीच्या तोंडाला टर्कीचा आवळ चोक (छर्रे फार पसरू नयेत म्हणून), छर्रे पाच नंबरचे. मिसूरीत चार नंबर किंवा त्याहून बारीकच चालतात (नंबर मोठा तितका छर्रा बारीक). टर्कीच्या डोक्या-मानेवर नेम धरायचा असतो, म्हणून कागदावर दहा इंचांचं वर्तुळ काढून किती छर्रे आत बसतात ते बघायचं. चाळीस यार्डांवर माझ्या बंदुकीचे छर्रे फार विरळ पडले, तिसावर दाट. तेव्हाच ठरवलं, तीसच्या पुढे घोडा ओढायचा नाही. टंगस्टनची महागडी काडतुसं घेतली तर अंतर वाढतं म्हणतात. मला ती किंमत बघूनच अंतर ठेवावंसं वाटलं.

हंगाम

हंगाम तीन आठवड्यांचा. पहिल्या आठवड्यात एकच नर मारता येतो, एकूण दोन. सरकारी जमिनीवर सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून दुपारी एकपर्यंत.

पहिला आठवडा गर्दीचा. गेटपाशी आधीच कुणाची गाडी उभी असेल तर पुढच्या गेटला जायचं, हा इथला अलिखित नियम. आणि सुरक्षेच्या गोष्टी इथे पाळाव्याच लागतात: अंगावर लाल, पांढरं, निळं काहीही नको, कारण नराचं डोकं नेमकं त्याच तीन रंगांचं असतं. मोजेसुद्धा तपासून घाला. पाठ आपल्या खांद्याहून रुंद बुंध्याला टेकवायची. नराचा आवाज आपण काढायचा नाही आणि ऐकू आला तर त्याच्याकडे लपतछपत सरकायचंही नाही. तो आवाज काढणारा कुणी माणूस असू शकतो.

तांबडं फुटायच्या आधी बार्ड घुबडाचा घुत्कार काढला की झाडावरचा नर चिडून गॉबल करतो, म्हणजे घशातून गडगडाटी ओरडतो. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मानेवर काटा आला, हे कबूल. त्यानंतर मात्र रोज एकच प्रकार. नर उतरायचा, मी बॉक्स कॉल घासायचो, तो उत्तर द्यायचा, जवळ यायचा, आणि ऐंशी-शंभर यार्डांवर थबकायचा. तिथेच येरझाऱ्या, गॉबल, पिसारा. मग माद्या येऊन त्याला घेऊन जायच्या.

ऑफिसमधल्या माझ्या गुरुजींनी याची फोड करून दिली ती या सगळ्या हंगामातली सर्वात मोलाची गोष्ट. निसर्गात मादी नराकडे चालत जाते. नर ओरडतो ते तिला बोलवायला. आपण त्याला उलटं वागायला सांगतो आहोत. तो आवाजाच्या दिशेने थोडा येतो खरा, पण जिथून ती मादी दिसायला हवी तिथे पोचला की थांबतो आणि बघतो. त्याची नजर भयंकर तेज, आणि डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने मान जराशी वळवली की चौफेर दिसतं. मादी दिसली नाही तर तो पुढे येत नाही. मी बसत होतो छान मोकळ्या जागी, मला लांबचं दिसावं म्हणून. म्हणजे त्यालाही लांबूनच दिसत होतं की इथे कुणी नाही.

तेव्हा जागा अशी निवडायची, की त्याला जिथून पहिल्यांदा आपली जागा दिसेल ते ठिकाण आपल्या बंदुकीच्या टप्प्यातच असेल. चढाच्या माथ्यापासून थोडं अलीकडे. जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्याच्या वळणाच्या आत. माझा टप्पा तीस यार्डांचा, म्हणून वळण पंचवीस पावलांवर. त्याच्या आणि आपल्या मध्ये ओढा, कुंपण किंवा दाट झुडूप नको, ते ओलांडायचा तो कंटाळा करतो. आणि शक्यतो त्याच्याच पातळीवर किंवा जरा वर बसायचं.

प्लास्टिकची मादी मांडली तर हा प्रश्न सुटतो असं अनेक जण म्हणतील. सुटतोही. पण सरकारी रानात, जिथे झाडीमागे दुसरा बंदूकवाला असू शकतो, मला ती समोर ठेवून बसायची हिंमत नाही.

दुसरा आठवडा मी जवळजवळ सगळा बसायच्या जागा शोधण्यात घालवला. एखाद्या नराने उत्तर दिलं की लगेच बसायचं नाही, आधी नकाशा: तो कुठल्या सोंडेवर आहे, त्याला सोपी वाट कोणती, त्या वाटेवर माथा किंवा वळण कुठे. एकदा दोन जेक, म्हणजे गेल्या वर्षीची पोरं, थेट वळणावरून समोर आली. छातीवरची केसांसारखी दाढी बोटभर, पिसाऱ्याची मधली पिसं बाकीच्यांहून लांब. कायद्याने चालली असती. मी सोडली. युक्ती चालते एवढं कळलं, ते पुरेसं होतं.

तिसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरली आणि माद्या अंड्यांवर बसायला लागल्या. अशा वेळी नर सकाळी नऊनंतर एकटे पडतात. पहाटेची झोप मोडूनही काही न मिळालेले लोक तोवर घरी गेलेले असतात. जळलेल्या पट्ट्याच्या वरच्या सोंडेवर कावळ्याचा आवाज काढला, तर घळीच्या पलीकडून एक गॉबल आला. ओढा मध्ये नको म्हणून मी वळसा घालून त्याच्या बाजूला चढलो आणि जुन्या रस्त्याच्या वळणात बसलो. स्लेटवर तीन-चार हळू यॉक, मग हाताने पाला उकरल्यासारखा खरखरवला. त्याने उत्तर दिलं. मी दिलं नाही. गुरुजींचं दुसरं वाक्य हेच होतं, की तो येत असेल तर बोलू नकोस.

बराच वेळ काही नाही. मग आवाज ऐकू आला म्हणण्यापेक्षा छातीत जाणवला, खूप खालच्या पट्टीतला घुमारा, ज्याला ड्रमिंग म्हणतात. वळणावर आधी पांढरं टाळकं आलं, मग लाल मान. तो थांबला, नेहमीसारखा, मादी शोधायला. फक्त या वेळी पंचवीस पावलांवर. पिसारा मिटून मान वर झाली, बंदुकीची माशी त्याच्या मानेच्या बुडाशी होती, घोडा ओढला.

परवान्यावर जागच्या जागी खूण केली, नारिंगी कापडात पक्षी गुंडाळून पाठीवर घेतला (रानातून टर्की उघडी नेऊ नका, कारण वर आलंच आहे), आणि रात्री दहाच्या आत टेलिचेक, म्हणजे शिकारीची खात्याकडे नोंद, करायचं असतं ते गाडीतूनच केलं. वजन वीस पौंडांच्या जरा खाली. पायांच्या मागच्या अंगाच्या नख्या पाऊण इंचाच्या, बोथट. दोन वर्षांचा असावा.

छाती पातळ कापून तव्यावर पटकन परतली. जास्त वेळ ठेवली तर चामडं होतं. तंगड्यांत काड्यांसारखे कडक स्नायू असतात, त्यांना कुकर आणि भरपूर वेळ. कांदा-लसूण मसाल्यात रस्सा उत्तम झाला. फोनवर फोटो बघून आईने विचारलं की पिसं कुठली ठेवलीस, म्हणजे आता विरोध संपला असं मी धरतो.

साफ करताना गळ्याखालची अन्नाची पिशवी कापून बघा, लोक ती टाकून देतात. माझ्या नराच्या पिशवीत ओकचे तुरे होते, काही भुंगेरे, आणि बरीचशी क्लोव्हरची (तिपानी चाऱ्याची) पानं. मी बसलो होतो त्या सोंडेवर क्लोव्हर कुठेच नाही. नकाशावर उत्तरेला वन खात्याने वन्यप्राण्यांसाठी राखलेला एक छोटा मोकळा तुकडा दिसतो, पायवाट नसलेला. गवत फार वाढायच्या आत, जूनमध्ये, तिथे जाऊन येणार आहे. पुढच्या एप्रिलसाठी त्याच्या आसपासची वळणं आणि माथे आतापासूनच हेरून ठेवतो. डायफ्रामचं मात्र कुणाला काही सुचत असेल तर सांगा. टाळू लहान असलेल्यांसाठी तो कडेने कापून घ्यावा असं ऐकलंय, पण किती कापायचा ते कळत नाही.