दोन राउटर, एक केबल

मे महिन्यातली दुपार. अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत ड्रेनेजच्या कामाला आलेल्या जेसीबीचा दांडा आमच्या इंटरनेटच्या केबलमध्ये अडकला आणि २४ कोरची, म्हणजे आत काचेच्या २४ बारीक तारा असलेली, केबल तुटली. दहा मिनिटांत फोन सुरू झाले. सगळ्यांचं एकच, राउटरवर लाल लाईट.

एका बंद शटरच्या सावलीत तारा जोडायचं मशीन मांडलं. २४ कोर म्हणजे दोन ट्यूब, एकेका ट्यूबमध्ये १२ रंग: निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी असा ठरलेला क्रम. आतली काच १२५ मायक्रॉन, केसाएवढी. सोलायची, स्पिरिटनं पुसायची, क्लीव्हरनं सरळ कापायची, मग मशीनमध्ये जोडायची. लॉस, म्हणजे जोडात वाया जाणारा प्रकाश, ०.०२ डेसिबल आला की जीव थंड होतो. ०.०५ च्या वर गेला तर मी तोडून परत जोडतो. पुष्कळ पोरं तसाच सोडतात, आणि महिन्याभरात त्याच घराची तक्रार येते.

निळा जोडला, नारंगी घेतला, तेवढ्यात समोरच्या अक्का आल्या. घरात टॉवेलचे माग आहेत, मुलगी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. तिच्यासाठी त्यांनी जानेवारीत दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेतलं, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरून.

"काय ओ दादा, दोन्ही कसं काय बंद पडलं? पोरगी रडायलीय की ओ."

मी हातातल्या दोन काचांकडे बघितलं. निळ्यावर त्यांची जुनी कंपनी, नारंगीवर नवी. आमच्या ऑपरेटरकडे दोन्ही कंपन्यांची फ्रँचायझी आहे. ऑफिसात दोघांच्या मशिनी एकाच रॅकमध्ये, आणि तिथून गल्लीपर्यंत हीच एक केबल.

जानेवारीत अक्कांनी मला सरळ विचारलं होतं, "एक बंद पडलं तर दुसरं चालतंय ना?" मी "हो की" म्हणालो होतो. कंपनीच्या बाजूनं बिघाड झाला तर दुसरं चालतं, तेवढं खरं होतं. पण आमच्याकडे बिघाड येतो तो बहुतेक वेळा केबल तुटल्यानंच, आणि ते मला पक्कं माहीत होतं.

नंबर तोच ठेवून मोबाइलची कंपनी बदलायची सोय २०११ पासून देशभर आहे. त्या सवयीनं लोक इथंही नाव बदललं की वायर बदलली असं धरून चालतात. जाहिरातीत चार-पाच नावं दिसतात, स्पीड आणि भाव सांगतात. खांबावरून घरात काय येतं ते कुणीच सांगत नाही. मीसुद्धा सांगितलं नाही.

त्या दुपारी सांगितलं. अक्का थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मग दोन बिलं कशाची भरलाव आम्ही?"

संध्याकाळी ऑपरेटरशी बोललो. तो म्हणाला, "चाळीस घरांच्या गल्लीत दुसरा कोण केबल ओढणार?" त्याचा खर्च मला दिसतो, ते खोटं नाही. पण पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या ऑपरेटरची केबल आहे. तो इकडे येत नाही, आम्ही तिकडे जात नाही. कागदावर असलं काही नाही, तरी सगळे पाळतात.

घरी जाताना त्या दुसऱ्या ऑपरेटरच्या खांबापासून अक्कांच्या गच्चीपर्यंतचं अंतर मी पावलांनी मोजलं. साठेक मीटर. तेवढी ड्रॉप केबल, खांबावरून घरात नेतात ती, माझ्या गाडीला कायम लटकलेली असते.