नोकरी सोडताना विम्याची वर्षं सोबत आणली: माझा अनुभव

कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, हे कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कुणालाही विचारा, माहीत असतं. पण त्या मेडिक्लेममध्ये काढलेली वर्षं आपल्याबरोबर बाहेर नेता येतात, हे मला तिथं कुणीच सांगितलं नव्हतं. ज्यांच्या घरी आजारी आई-वडील आहेत आणि जे राजीनाम्याचा विचार करतायत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी एका कास्टिंगच्या कारखान्यात क्वालिटीला होते. घरूनच ड्रॉइंगची कामं घ्यायची ठरवली. पगार बंद होणार याची तयारी होती, घोर होता तो आईचा. तिला शुगर आहे, बीपी आहे आणि गुडघे इतके झिजलेत की आज ना उद्या बदलावे लागतील असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत उभं राहणं तर तिनं कधीच सोडलं. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई, मिस्टर, मुलगी सगळे होते आणि जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले होते. बाहेर नवी पॉलिसी घ्यायची म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. आधीच्या आजारांचा खर्च मिळायला विमा कंपनी ३६ महिन्यांपर्यंत थांबायला लावू शकते, यालाच वेटिंग म्हणतात (एप्रिल २०२४ च्या आधी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती). गुडघेबदलासारख्या ठरावीक शस्त्रक्रियांनाही बहुतेक पॉलिसींत दोन-तीन वर्षांचं वेटिंग असतं. आईला ज्या काळात गरज पडणार, नेमका तोच काळ उघडा.

राजारामपुरीतले एक ओळखीचे एजंट म्हणाले, "ताई, नवीनच काढून टाकूया, दोन दिवसांत बसवतो."

"आणि आईचं वेटिंग?"

"ते काय, सगळ्यांनाच असतंय."

सगळ्यांनाच नसतं. विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या नियमांत मायग्रेशन नावाची सोय आहे. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला घरच्यांसकट त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच रक्कम) पॉलिसीत जाता येतं, आणि ग्रुपमध्ये काढलेला काळ वेटिंगमधून वजा होतो. मात्र ग्रुपमधून येणाऱ्याची तब्येत तपासून निर्णय घ्यायचा अधिकार कंपनीला असतो आणि हप्ता अर्थातच आपला. शिवाय हा फायदा जुन्या रकमेपुरताच मिळतो. आमची ग्रुप पॉलिसी तीन लाखांची होती. आईसाठी मी पाच लाखांची घेतली, तेव्हा वरच्या दोन लाखांना वेटिंग नव्यानं लागलं.

राजीनामा दिला त्याच आठवड्यात मी एचआरच्या मॅडमकडे गेले. आमच्याकडे शेवटच्या कामाच्या दिवशी पॉलिसीतून नाव निघतं, त्यामुळं नोटीस पिरियड हाच माझा हातातला वेळ होता. घरातल्या प्रत्येकाचं नाव पॉलिसीत कोणत्या तारखेला आलं याचं कंपनीच्या लेटरहेडवर पत्र, ग्रुप पॉलिसीची प्रत आणि आतापर्यंतच्या क्लेमची नोंद, एवढं मागितलं. मॅडम म्हणाल्या, "अहो, असलं पत्र आजवर कुणी मागितलंच नाही." पण दिलं त्यांनी, मनापासून दिलं.

खरी अडचण पुढंच होती. कारखाने दर रिन्युअलला कोटेशनं मागवतात आणि स्वस्त मिळेल तिकडं जातात. आमची विमा कंपनीही दोन वर्षांपूर्वी बदललेली. नव्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर आई फक्त दोन वर्षांची सभासद! त्याआधीची वर्षं सिद्ध करायची तर जुन्या पॉलिसींच्या सभासद याद्या हव्यात, आणि त्या ना कारखान्यात होत्या, ना माझ्याकडे. मॅडमनी कारखान्याचा विमा बघणाऱ्या ब्रोकरला फोनवर फोन करून त्या मिळवल्या. दर वर्षीचं ई-कार्ड आणि यादीतलं आपलं पान घरी ठेवत चला, असं मी आता प्रत्येकाला सांगते. नोकरीत असताना ते मेलवर आपसूक येतं, नंतर तो मेलच बंद होतो.

शाहूपुरीतल्या शाखेत काउंटरवरच्या साहेबांनी "ग्रुपमधून असं काही होत नाही" म्हणून कागद परत सरकवले. मी वाद घातला नाही. हेच लेखी द्या म्हटलं, आणि घरी येऊन पॉलिसी नंबरासकट विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. पुढची पायरी म्हणून नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल आणि त्यानंतर पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय, दोन्ही डोक्यात होतं. तिथवर जायची वेळ आली नाही. मेलच्या उत्तरात मायग्रेशनचा फॉर्मच आला.

फॉर्ममध्ये आईचं सगळं लिहिलं: शुगरची गोळी, बीपीची गोळी, गुडघ्यांचा एक्स-रे. मिस्टर म्हणत होते, गुडघ्याचं कशाला लिहितेस. पण लपवलेलं पुढं क्लेमच्या वेळी निघतं आणि तेव्हा आई ऑपरेशनच्या दारात असते. रक्त तपासणी आणि ईसीजी झाल्यावर कंपनीनं तिच्या हप्त्यावर लोडिंग, म्हणजे आजारांमुळं जादा आकार, लावलं आणि प्रत्येक क्लेममधला काही हिस्सा आमच्यावर ठेवला. रक्कम जड आहे, खोटं कशाला बोलू. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढाच आधार. आईची पॉलिसी वेगळी घेतली, आम्हा तिघांची फ्लोटर.

पॉलिसी हातात आल्यावर मी रकमेच्याही आधी तारखेचा रकाना पाहिला. आईच्या नावापुढं पुन्हा दोनच वर्षं! जुन्या याद्या जोडून दुरुस्ती मागितली, आणि दुरुस्त प्रत येईपर्यंत पाठ सोडली नाही. आता त्यावर तिची पहिली तारीख आहे, आणि नवी पॉलिसी माझ्या शेवटच्या दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झालेली आहे. मध्ये एका दिवसाचीही फट नाही.

शॉप फ्लोअरवरच्या पोरांनी मला विचारलं, आमचं काय? त्यांचा रस्ता वेगळा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, असतं आणि ते नोकरी सुटली त्या दिवशीच तुटत नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जून, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर उपचार मिळतात. निवृत्त होणाऱ्यानं निदान पाच वर्षं ईएसआयखाली काढली असतील, तर महिना १० रुपयांप्रमाणे वर्षाचे १२० रुपये एकदम भरून नवरा-बायको दोघांचे उपचार चालू ठेवता येतात. आमच्या मोल्डिंगमधले एक काका येत्या वर्षी निवृत्त होतायत, त्यांना हे ठाऊकच नव्हतं. त्यांचा अर्ज मी भरून देणार आहे.